गेमिंग संगणकातील प्रोसेसरचा मंदावलेला वेग : कारणमीमांसा आणि निदानपद्धती
(नवी मुंबईतील वापराच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : प्रोसेसर, क्लॉक स्पीड, तापनियंत्रण, वीजमर्यादा, बायोस, देखभाल

प्रस्तावना

संगणकावरील खेळांसाठी जुळवलेला डेस्कटॉप संगणक हा आज केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही. त्याच प्रोसेसरवर आणि त्याच ग्राफिक्स कार्डावर महाविद्यालयांतील ॲनिमेशनची, त्रिमितीय आराखड्यांची आणि मशीन लर्निंगची प्रात्यक्षिके चालतात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या घरचा गेमिंग संगणक आणि प्रयोगशाळेतील वर्कस्टेशन यांत फरक उरतो तो बहुधा डेड स्टॉक नोंदवहीतील क्रमांकापुरताच. नवी मुंबईत असे संगणक अनेकदा सुटे भाग घेऊन जुळवले जातात. भाग मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले जातात किंवा घरपोच मागवले जातात, आणि जुळणी एखाद्या दुकानात किंवा घरच्या टेबलावर होते.

अशा संगणकांविषयीची एक तक्रार वारंवार ऐकू येते. खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले असते. प्रत्यक्षात पडद्यावर २.५, कधी १.७, तर कधी केवळ ०.८ हा आकडा दिसतो. खेळ अडखळतो, चित्रण तयार होण्यास दुप्पट वेळ लागतो आणि ‘प्रोसेसर गेला’ असा निष्कर्ष काढून नवीन प्रोसेसर खरेदी केला जातो. बहुतेक वेळा नवीन प्रोसेसरही काही दिवसांत तितकाच मंद चालू लागतो, कारण दोष त्याच्यात नव्हताच.

आधुनिक प्रोसेसर झिजून हळूहळू मंद होत नाही. त्याचा वेग कमी दिसतो तेव्हा कोणीतरी त्याला तो कमी करण्याचा आदेश दिलेला असतो. हा आदेश प्रोसेसरच्या स्वतःच्या तापमापकाकडून, मदरबोर्डाकडून, बायोसमधील एखाद्या नोंदीकडून किंवा विंडोजच्या वीजव्यवस्थापनाकडून आलेला असू शकतो. आदेश देणारा कोण, हे निश्चित होण्यापूर्वी केलेला खर्च बहुधा वाया जातो. हा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा आणि नवी मुंबईच्या हवेत त्यातील कोणत्या कारणांकडे आधी पाहावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खोक्यावरील आकडा आणि पडद्यावरील आकडा

प्रोसेसरचा वेग हा दोन संख्यांचा गुणाकार असतो. मदरबोर्डावरील मूळ स्पंदनसंख्या साधारणतः १०० मेगाहर्ट्झ असते आणि प्रोसेसर तिला एका गुणकाने गुणतो. गुणक ४४ असेल तर वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि ८ असेल तर ०.८ गिगाहर्ट्झ. मूळ स्पंदनसंख्या जवळजवळ स्थिर राहते. बदलतो तो गुणक, आणि तो सेकंदात अनेकदा बदलतो.

हे नेहमीच असे नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रोसेसर एका ठरावीक वेगाने चालत असे आणि खोक्यावर तोच वेग छापलेला असे. पुढे वेग वाढवण्याच्या स्पर्धेला उष्णतेने लगाम घातला. इंटेलचा पेंटियम ४ नोव्हेंबर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला, मात्र ४ गिगाहर्ट्झची घोषित आवृत्ती कंपनीने त्याच्या आदल्याच महिन्यात रद्द केली होती. यानंतर एका गाभ्याऐवजी अनेक गाभे, आणि कायमच्या कमाल वेगाऐवजी गरजेपुरता वेग, असे धोरण रूढ झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या पहिल्या कोअर आय-७ मालिकेबरोबर ‘टर्बो बूस्ट’ ही सोय आली. तेव्हापासून प्रोसेसरला दोन वेग आहेत : हमीचा मूळ वेग आणि परिस्थिती अनुकूल असेल तर गाठायचा कमाल वेग.

कोअर आय-७ १२७०० या प्रोसेसरचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या मुख्य गाभ्यांचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आणि कमाल वेग ४.९ गिगाहर्ट्झ आहे. जाहिरातीत ४.९ हाच आकडा ठळकपणे येतो. परंतु तो एक-दोन गाभ्यांवर काम असताना, पुरेशी वीज आणि पुरेसा थंडावा असताना गाठायचा वेग आहे. सर्व गाभे एकाच वेळी राबत असतील तर त्याहून कमी वेग दिसणे हा दोष नव्हे. उलट ६५ वॅटच्या मर्यादेत २.१ गिगाहर्ट्झ एवढीच कंपनीची हमी आहे. त्यापुढचे सर्व अनुकूलतेवर अवलंबून आहे. ग्राहक हमी वाचत नाही, जाहिरात वाचतो, आणि तक्रारींचा मोठा भाग येथेच जन्म घेतो.

दुसरा गैरसमज स्वस्थ संगणकाविषयीचा. काम नसताना इंटेलचे अनेक प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली येतात. हे विश्रांतीचे लक्षण आहे. म्हणून निदानाची पहिली पायरी ही, की आकडा काम चालू असताना पाहावा. सिनेबेंचसारखी चाचणी दहा मिनिटे चालवावी आणि पहिल्या दहा सेकंदांनी, एका मिनिटाने, पाच मिनिटांनी व दहा मिनिटांनी वेग, तापमान आणि वॅटमधील वीजवापर या तीन बाबी कागदावर लिहून काढाव्यात. एचडब्ल्यूइन्फो या विनामूल्य उपलब्ध असलेल्या प्रणालीवर तिन्ही एकत्र दिसतात. केवळ वेगाचा आकडा काहीच सांगत नाही. तापमान व वीजवापर जोडीला असतील, तर दहा मिनिटांच्या नोंदींतून कारण बहुधा उघड होते.

उष्णता : सर्वांत सामान्य कारण

प्रोसेसरचा वीजवापर हा वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले तर वीजवापर ०.९ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे ७३ टक्के उरतो. वेगात दहा टक्क्यांचा त्याग केल्याने उष्णतेत सत्तावीस टक्क्यांची बचत होते. प्रोसेसर तापला की तो हाच मार्ग पत्करतो. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत ही सीमा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ती ९५ अंश आहे, आणि पूर्ण कामाच्या वेळी त्या सीमेपर्यंत जाऊन तेथेच राहणे हे त्या मालिकेच्या रचनेत गृहीतच धरलेले आहे.

ही व्यवस्था किती मोलाची आहे हे २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने केलेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून दिसले होते. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरील हीटसिंक काढून टाकल्यावर त्या काळच्या अथलॉनमधून धूर निघाला. पेंटियम ४ मात्र वेग खाली आणून तग धरून राहिला. मंदावणे हा प्रोसेसरचा आजार नव्हे, तो त्याचा बचाव आहे. आजार अन्यत्र असतो.

तापमानाचा हिशेब खोलीच्या तापमानापासून सुरू होतो. हीटसिंक प्रोसेसरला आसपासच्या हवेहून थंड करू शकत नाही. तो केवळ दोघांतील अंतर मर्यादित ठेवतो. समजा, विशिष्ट कामाच्या वेळी हे अंतर ४५ अंशांचे आहे. वातानुकूलित खोलीत २४ अंश असतील तर प्रोसेसर ६९ अंशांवर राहील. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३६ अंश असतील तर तोच प्रोसेसर ८१ वर जाईल. कॅबिनेटच्या आतील हवा खोलीपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम असतेच. म्हणजे ९० अंश झाले. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचून अंतर ४५ वरून ५५ झाले की सीमा गाठली गेली. येथे कोणताही भाग बिघडलेला नाही, तरीही वेग कोसळला आहे. जानेवारीत व्यवस्थित चालणारा संगणक मे महिन्यात मंदावतो याचे कोडे एवढ्या बेरजेत सुटते.

ठाण्याची खाडी आणि पारसिकच्या टेकड्या यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेल्या या शहराच्या हवेत दमटपणाही असतो आणि धूळही. टेकड्यांतील दगडखाणी, सतत चालणारी बांधकामे, ठाणे-बेलापूर मार्गावरील अवजड वाहतूक यांची धूळ पावसाळ्यातील दमट हवेत हीटसिंकवर नुसती बसत नाही, तर चिकटते. दिवाळीपर्यंत तिचा नमद्यासारखा थर तयार होतो. अशा थराला पंख्याची हवा भेदू शकत नाही. महापे, रबाळे आणि ऐरोली परिसरातील डेटा सेंटरांत याच घराण्यातले प्रोसेसर गाळलेल्या हवेत चालतात. डेटा सेंटरसाठी ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने शिफारस केलेली तापमर्यादा १८ ते २७ अंशांची आहे. तेथून हाकेच्या अंतरावरील सदनिकेत तोच प्रोसेसर छताच्या पंख्याखाली, लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला असतो.

कॅबिनेटचा दोष आहे की हीटसिंकचा, हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. चाचणी चालू असताना कॅबिनेटची बाजूची झडप काढावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर हवेचा मार्ग कोंडलेला आहे असे समजावे. दर्शनी बाजूस संपूर्ण काच असलेल्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटांत हे हमखास आढळते. तापमान जवळपास तसेच राहिले तर दोष हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्या सांध्यात शोधावा.

या सांध्याचे दोष साधे पण फसवे असतात. इंटेलच्या खोक्यात मिळणारा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यांतील एक जरी पूर्ण दाबली गेली नाही तरी हीटसिंक एका कोपऱ्यात उचललेला राहतो, आणि वरून पाहता सर्व ठीक दिसते. उंच मनोऱ्यासारखे वजनदार हीटसिंक बसवलेला संगणक आडवा-उभा करत टॅक्सीने मुंबईहून आणला तर वाटेतील धक्क्यांनी पकड सैल होऊ शकते. दुकानात उत्तम चाललेला संगणक घरी आल्यावर मंद का, याचे उत्तर कधी कधी केवळ सायन-पनवेल महामार्गावरील खड्ड्यांत असते. नव्या हीटसिंकच्या तळाला लावलेली पारदर्शक पट्टी न काढताच तो बसवला जातो, ही चूकही दिसते तितकी दुर्मिळ नाही. द्रव-शीतक वापरला असेल आणि त्याचा पंप बंद पडला असेल तर काम सुरू होताच तापमान झपाट्याने सीमेला भिडते. पंखे मात्र फिरत असल्यामुळे संशय येत नाही.

सांधा पुन्हा करताना काही पथ्ये पाळावी लागतात. रायझनच्या एएम-४ खाचेतून हीटसिंक सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही खाचेतून उपटला जातो व त्याच्या पिना वाकतात. म्हणून आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग तो बंद करून, वीजजोडणी काढून, हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी वाटाण्याच्या दाण्याएवढी मधोमध ठेवावी. जास्त पेस्टने थंडावा वाढत नाही. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

गेमिंग संगणकापुरता एक मुद्दा वेगळा नोंदवला पाहिजे. सिनेबेंचमध्ये केवळ प्रोसेसर राबतो. खेळात मात्र ग्राफिक्स कार्डही राबते, आणि त्याची दोनशे वॅटच्या आसपासची किंवा त्याहून अधिक उष्णता कॅबिनेटमध्येच सोडली जाऊन प्रोसेसरच्या पंख्याकडे वर चढते. परिणामी चाचणीत खणखणीत उतरलेला संगणक खेळाच्या अर्ध्या तासानंतर मंदावतो. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ चाचणी दाखवून ‘सर्व ठीक आहे’ म्हणतो, घरचा मुलगा ‘ठीक नाही’ म्हणतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी प्रत्यक्ष खेळ चालू ठेवून, तीस-चाळीस मिनिटांच्या नोंदी घेणे हाच मार्ग.

तापमान कमी आणि वेगही कमी

नोंदीत तापमान ६०-६५ अंशांच्या पुढे जात नाही आणि तरीही वेग पडतो, असे आढळले तर हीटसिंकला हात लावू नये. येथे आदेश दुसरीकडून आलेला असतो.

पहिली शक्यता वीजमर्यादेची. इंटेलच्या प्रोसेसरांत दोन मर्यादा असतात : थोड्या वेळासाठीची मोठी आणि कायमची लहान. उपरोक्त आय-७ १२७०० साठी त्या १८० वॅट आणि ६५ वॅट आहेत. काम सुरू होताच प्रोसेसर मोठी मर्यादा वापरतो. साधारण अर्ध्या ते एका मिनिटानंतर मदरबोर्ड त्याला लहान मर्यादेत आणतो. नोंदवहीत हे चित्र अगदी स्पष्ट उमटते : वीजवापर बरोबर ६५ वॅटवर येऊन थबकतो आणि त्याच क्षणी वेग पायरी उतरतो. हा बिघाड नाही. मदरबोर्ड आणि शीतक दोन्ही सक्षम असतील तर बायोसमध्ये लहान मर्यादा वाढवता येते. स्वस्त मदरबोर्डावर ती वाढवणे हे मात्र पुढच्या संकटाला आमंत्रण ठरते.

ते संकट मदरबोर्डावरील व्होल्टेज नियामकाचे. एसएमपीएसकडून येणाऱ्या १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टमध्ये रूपांतर करणारे हे छोटे घटक प्रोसेसरच्या खाचेच्या कडेला असतात. कमी किमतीच्या मदरबोर्डांत त्यांच्यावर हीटसिंक नसतो. ते तापले की मदरबोर्ड प्रोसेसरला ‘तू तापला आहेस’ असा संकेत धाडतो. प्रोसेसर स्वतः थंड असूनही तो संकेत मानतो आणि वेग खाली आणतो. हा संकेत दुहेरी मार्गाचा असल्यामुळे प्रोसेसर तो बाहेर पाठवू शकतो, तसाच बाहेरून स्वीकारूही शकतो.

येथे एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. खोक्यातला साधा पंखा हवा खाली, मदरबोर्डाकडे फेकतो. त्यामुळे नियामकालाही वारा लागतो. वेग वाढावा म्हणून मालक तो पंखा काढून महागडा द्रव-शीतक बसवतो. प्रोसेसरचे तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरते, परंतु नियामकावरचा वारा बंद होतो, तो तापतो, संकेत धाडतो आणि वेग पूर्वीपेक्षाही कमी होतो. मालकाला पडद्यावर दिसते ते असे : खर्च केला, तापमान उतरले, वेगही उतरला. साहजिकच ठपका प्रोसेसरवर येतो. नियामकावर एक लहान पंखा रोखून धरताच वेग पूर्ववत झाला, तर निदान पक्के समजावे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये एएमडीच्या प्रोसेसरांसाठी ‘प्रॉकहॉट एक्सटर्नल’ अशी स्वतंत्र नोंद दिसते, तर इंटेलच्या एक्सटीयू या साधनात व्होल्टेज नियामकाच्या तापामुळे आलेली मर्यादा वेगळी दाखवली जाते. आदेश कोणाचा, या प्रश्नाचे ते थेट उत्तर होय.

वेग कोणत्याही कामात ८०० मेगाहर्ट्झवर किंवा त्याच्या आसपास अक्षरशः गोठलेला असेल, तापमान चाळिशीत आणि वीजवापर नगण्य असेल, तर हाच बाह्य संकेत सतत चालू राहिला आहे असे मानण्यास जागा असते. मदरबोर्डावरील एखादा संवेदक खराब होणे, प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी नीट न बसणे किंवा बायोसमधील नोंदी विस्कटणे ही त्याची संभाव्य कारणे. प्रथम संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. मग आठ पिनांची जोडणी काढून पुन्हा घट्ट बसवावी. त्यानंतर सीआर २०३२ हे नाण्याएवढे बटन सेल काढून बायोसच्या नोंदी मूळपदावर आणाव्यात. थ्रॉटलस्टॉप या साधनाने हा बाह्य संकेत दुर्लक्षित करता येतो आणि संगणक क्षणात पळू लागतो. निदानासाठी दोन मिनिटे तसे करणे समर्थनीय आहे. कायमचा उपाय म्हणून ते करणे म्हणजे वीजजोडणीचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार घालण्यासारखे आहे.

‘व्होल्टेज कमी आहे म्हणून संगणक मंद चालतो’ हे स्पष्टीकरणही पुष्कळदा दिले जाते. दर्जेदार एसएमपीएस साधारणतः १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा स्वीकारतो. महावितरणचा दाब २३० वरून २०० वर आला तरी प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज बदलत नाही. दाब फारच खालावला तर संगणक बंद पडेल किंवा पुन्हा सुरू होईल; तो मंद चालणार नाही. या एका कारणासाठी स्टॅबिलायझरवर खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

विंडोज आणि बायोस यांचे आदेश

वेग नेमका मूळ आकड्यावर, म्हणजे २.५ किंवा ३.५ गिगाहर्ट्झवर येऊन थांबत असेल आणि कधीच वर जात नसेल, तर टर्बोची सोय बंद आहे. ती बायोसमध्ये बंद केलेली असू शकते. अधिक वेळा मात्र विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के ठेवलेली आढळते. एका टक्क्याचा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु ९९ वर टर्बो पूर्णपणे थांबतो. उन्हाळ्यात उष्णता कमी करण्याचा हा एक प्रचलित व वस्तुतः उपयुक्त उपाय आहे. तो मे महिन्यात केला जातो, ऑगस्टपर्यंत विस्मरणात जातो आणि गणपतीच्या सुट्टीत संगणक दुरुस्तीला जातो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-प्रोसेसर-पॉवर’ या स्रोताखाली क्रमांक ३७ ची नोंद आढळल्यास वेगावरची मर्यादा फर्मवेअरकडून आली आहे, असे खुद्द विंडोजच सांगत असते. अशा वेळी विंडोज पुन्हा भरण्याचा खटाटोप निरर्थक ठरतो. तरीही दुरुस्तीच्या दुकानांत आणि प्रयोगशाळांतही पहिला उपाय म्हणून तोच केला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

बायोस अद्ययावत केल्यानंतर वेग कमी झाल्याची तक्रार असेल तर थोडी सावधगिरी हवी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांत अस्थिरतेच्या तक्रारी वाढल्यानंतर, प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे कंपनीने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरील दुरुस्ती बायोसद्वारे देण्यात आली आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. त्यापूर्वी अनेक मदरबोर्ड वीजमर्यादा जवळजवळ उठवूनच येत असत. नव्या बायोसमध्ये त्या मर्यादा मूळपदावर आल्यामुळे काही संगणकांवरील आकडे किंचित उतरले. तेथे वेग कमी होणे हाच दुरुस्तीचा भाग आहे. जुना बायोस परत भरून ते आकडे मिळवू नयेत.

बायोसच्या नोंदी मूळपदावर आणल्यावर स्मृतीचा वेगही उतरतो, कारण एक्सएमपीची निवड पुसली जाते. खेळ मंदावतो आणि दोष पुन्हा प्रोसेसरवर जातो. शिवाय सीपीयू-झेड ही प्रणाली स्मृतीची स्पंदनसंख्या निम्मी दाखवते. ३२०० च्या रॅमसमोर १६०० दिसणे बरोबर आहे.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने

महाविद्यालयात या विषयाला घरच्यापेक्षा वेगळे महत्त्व येते. ‘मंद’ असा शेरा बसलेला संगणक निर्लेखन समितीपुढे जातो आणि एकदा निर्लेखित झाला की त्याचा प्रवास ई-कचऱ्याकडे सुरू होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जाणे अपेक्षित आहे. परंतु धुळीने माखलेला हीटसिंक हे मुळात निर्लेखनाचे कारणच होऊ शकत नाही. शेऱ्यासोबत दहा मिनिटांच्या कामाचा तक्ता, त्यात वेग, तापमान, वीजवापर आणि त्या वेळचे खोलीचे तापमान, जोडणे बंधनकारक केले तर समितीपुढे येणाऱ्या यंत्रांची संख्या बरीच घटेल. वार्षिक देखभाल करारात ‘साफसफाई’ असा मोघम शब्द असतो. त्याऐवजी मार्चअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा हीटसिंक उघडून स्वच्छ करणे, तसेच त्यापूर्वीचे व नंतरचे तापमान लिहून देणे, असे स्पष्ट कलम असावे. विद्यार्थ्यांसाठी हे एक उत्तम प्रात्यक्षिकही ठरू शकते, कारण त्यात भौतिकशास्त्र, विद्युतशास्त्र आणि संगणकशास्त्र एकाच खोक्यात भेटतात.

वरील सर्व तपासण्यांनंतरही वेग वाढला नाही, तर तोच प्रोसेसर दुसऱ्या सुस्थितीतील मदरबोर्डावर आणि दुसऱ्या एसएमपीएसवर लावून पाहावा. तेथे तो पूर्ण वेगाने चालला तर मदरबोर्ड किंवा एसएमपीएस बदलावा. तेथेही मंद राहिला, तरच प्रोसेसर सदोष ठरवावा. इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या सीलबंद खोक्यातील प्रोसेसरांना सामान्यतः तीन वर्षांची हमी असते. बिनखोक्याचा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची हमी विक्रेत्याने स्वतः दिली असेल तेवढीच. हमीचा दावा करताना खरेदीचे बिल, खोक्यावरील क्रमांक आणि दोन्ही मदरबोर्डांवर घेतलेल्या नोंदी जवळ ठेवाव्यात. ‘संगणक मंद चालतो’ एवढ्या वाक्यावर दावा टिकणे कठीण असते.